खेडहून खोपोलीला: पार्कचा दिवस आणि त्याच्या मागेपुढची पुस्तकं

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वेगवेगळ्या वारी विभागला जावा म्हणून ही पद्धत पडली आणि तिनं आमच्याकडच्या घरांचं वेळापत्रकच बदलून टाकलं. वडील गुरुवारी घरी तेव्हा मुलं शाळेत. रविवारी मुलं घरी तेव्हा वडील पहिल्या पाळीला. राजगुरुनगरात, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही खेडात, अशी कितीतरी घरं आहेत जिथे सगळे एकत्र असलेला पूर्ण दिवस सणाला किंवा शाळेच्या सुट्टीतच सापडतो. तो दिवस खोपोलीच्या इमॅजिकासारख्या ठिकाणी घालवायचा तर तयारी मनापासून करावी. तिकिटं, जेवण, पेट्रोल, टोल धरून खर्च मोठा होतो आणि संध्याकाळी सगळं संपतं. हा दिवस लांबवायचा एकच उपाय मला सापडला आहे: जाण्याआधी मुलांच्या हातात पुस्तक द्यायचं आणि आल्यावर हातानं जोडायचं काहीतरी.

माझा भाऊ, आमचा दादा, चाकणमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्याच्या दोन्ही मुलांना पाळण्यांचं, घसरगुंड्यांचं, रोलर कोस्टरचं विलक्षण वेड. भाऊबीजेला आत्याकडून मुलांनाही काहीतरी मिळतं, अशी आमच्या घरची रीत. या वेळी मी भाचीला डायनोसॉरवरचं चित्रांचं पुस्तक दिलं आणि भाच्याला भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली ज्यूल व्हर्नची पाताळाच्या सफरीची कादंबरी. दिवाळी झाल्यावर, शाळा उघडायच्या आधीच्या गुरुवारी आम्ही निघणार होतो. ऐन दिवाळीच्या चार-पाच दिवसांत आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना पार्कात माणूस मावत नाही. सुट्टीतला मधला वार त्या मानानं निवांत असतो. गुरुवारची सुट्टी आपल्या पट्ट्याला इथे खरोखर उपयोगी पडते.

डायनोसॉरच का, ते सांगते. इमॅजिकात राजासॉरस नावाची नदीतली सफर आहे. बोटीत बसायचं, अंधारातून जायचं, डायनोसॉर अंगावर येतात आणि शेवटी भिजायला होतं. राजासॉरस हा कुणाच्या कल्पनेतला प्राणी नाही. गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रैयोली गावाच्या परिसरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात त्याची हाडं गोळा केली आणि २००३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं: राजासॉरस नर्मदेन्सिस. मांसाहारी, डोक्यावर एक छोटं शिंग, काळ सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा. हे वाचून गेलेली मुलगी बोटीत घाबरत नाही असं नाही, पण ती वेगळ्या डोळ्यांनी बघते.

"आत्या, हा आपल्या घाटात पण होता का गं?" भाचीनं जाण्याच्या आदल्या रात्री विचारलं.

प्रश्न योग्य होता. आपण ज्या खंडाळ्याच्या घाटातून उतरतो तो सगळा काळा बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. दख्खनच्या पठारावर हे लाव्हाचे थर पसरले ते साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्या अखेरच्या काळाच्या आसपास. तेव्हा घाटाच्या भिंतीवर दिसणारे आडवे थर हेच त्या पुस्तकाचं पुढचं पान आहे, असं मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडी घाटात शिरली तशी ती खिडकीला नाक लावून थर मोजत बसली.

पहाटेच निघालो. खेडहून निघणाऱ्याला खरी काळजी घाटाची नसते, चाकणच्या तळेगाव चौकाची असते. कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर सुरू व्हायच्या आधी तो चौक ओलांडला की अर्धी लढाई जिंकली. खराबवाडी, म्हाळुंगे, मग इंदुरीवरून तळेगाव, तिथून द्रुतगती मार्ग. डाव्या हाताला लोहगड-विसापूर उन्हात येत असतात तेव्हा पोरांना जाग येते. पुढे घाट उतरला की खोपोलीला बाहेर पडायचं आणि पालीचा रस्ता धरायचा. सांगडेवाडीला पार्क आहे. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. एसटीनं जायचं असेल तर खेडहून थेट गाडीवर विसंबू नये. तळेगाव किंवा लोणावळा गाठून पुढे खोपोली, असे टप्पे पाडावे लागतात, आणि लहान मुलं बरोबर असतील तर परतीच्या प्रवासात ते फार जड जातं. दोन-तीन घरांनी मिळून गाडी करणं केव्हाही बरं.

खोपोलीत एक मिनिट थांबावं अशी एक गोष्ट आहे. लोणावळ्याच्या माथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठ्या पाइपांतून डोंगर उतरतं आणि खाली वीज तयार करतं. टाटांचं हे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं, त्या पडण्याची ताकद जनित्र फिरवते. दादानं पाइपांकडे बोट दाखवून मुलांना एवढंच सांगितलं, की आज तुम्ही ज्यात बसणार आहात त्या रोलर कोस्टरच्या गाडीलाही इंजिन नाही. तिलाही उंचीवरून सोडतात आणि पुढचं सगळं उंचीच करते.

इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं. मनमोहन शेट्टी यांच्या ॲडलॅब्जनं ते उभारलं, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आलं. २०२२ मध्ये पार्क मालपाणी समूहाकडे गेलं. हे मालपाणी संगमनेरचे, म्हणजे आमच्याच पुणे-नाशिक रस्त्यावरचे. शिर्डीची साईतीर्थ आणि वेट एन जॉय ही पार्कंही त्यांचीच. आमच्या लहानपणी पार्क म्हटलं की गोराईचं एस्सेलवर्ल्ड. ते १९८९चं. शाळेची सहल रात्रीच बसनं निघायची, पहाटे मुंबई, मग लाँचमधून खाडी ओलांडायची. त्या लाँचचीच आम्हाला अर्धी मजा वाटायची. २०२२ मध्ये ते बंद झालं, आणि मला मनापासून वाईट वाटलं. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीनं पहिला मोठा पाळणा तिथे पाहिला होता.

आत शिरल्यावर बहुतेक मंडळी दाराजवळच्या पहिल्या राइडला रांग लावतात. आम्ही तसं केलं नाही. नायट्रो, डीप स्पेस यांसारख्या मोठ्या कोस्टरची रांग पहिल्या तासाभरात सर्वांत छोटी असते, म्हणून मोठी माणसं आणि उंची पुरणारी मुलं आधी तिकडेच जावीत. उंचीची अट प्रत्येक राइडला वेगळी असते आणि ती मुलाच्या जिवासाठी असते. घरीच भिंतीला टेकवून उंची मोजावी, पार्कनं दिलेल्या आकड्यांशी ताडून बघावी आणि "या वर्षी ही नाही" हे घरीच सांगून टाकावं. दारातल्या माणसाशी हुज्जत घालणारे आईबाप मी पाहिले आहेत, आणि शेजारी उभ्या पोराचा चेहराही पाहिला आहे. तो दिवस त्या मुलासाठी तिथेच संपतो.

नायट्रोला पायाखाली फळी नाही. पाय मोकळे लोंबकळतात, म्हणून चपला काढून ठेवाव्या लागतात. त्याची उंची सुमारे ४० मीटर. भाचा आठवीत आहे. त्याला मी रांगेतच गणित घातलं. ४० मीटरवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग किती? दोन गुणिले ९.८ गुणिले ४०, त्याचं वर्गमूळ. उत्तर आलं सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. नायट्रोचा कमाल वेग १०५च्या घरात सांगतात. पुस्तकातलं सूत्र लोखंडात इतकं जवळ उतरलेलं बघून तो गप्पच झाला, आणि मग त्यानं जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला: "मग माझं वजन यात कुठेच कसं आलं नाही?" ते येत नाहीच. त्याच्या बारक्या शरीराला आणि दादाच्या भरल्या अंगाला उंची सारखाच वेग देते.

दादाचं लक्ष तिसरीकडेच. रुळाला गाडी तीन बाजूंनी धरून असते हे त्यानं आम्हाला दाखवलं: वजन पेलणारी चाकं वर, वळणावर रेटा घेणारी बाजूला, आणि गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रुळाच्या खालून लागणारी. या खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन कोस्टर-बांधणाऱ्यानं १९१९ मध्ये घेतलं. त्याआधी खोल उतार देता येत नव्हते, गाडी उडण्याची भीती असायची. चढावर टकटक असा जो आवाज येतो तो साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून लावलेल्या खटक्यांचा. ज्या आवाजानं लोकांच्या पोटात गोळा येतो तोच सुरक्षेचा आवाज आहे हे कळल्यावर वहिनी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून बसली. कारखान्यात काम करणाऱ्यांनी आपल्या मुलांना हे असं दाखवावं. बेअरिंग, बोल्ट, ब्रेक यांच्यावर ज्यांची पोटं चालतात त्यांच्याइतकं चांगलं हे कोण समजावणार?

आईला गुडघ्याचा त्रास. वयस्क माणसाला दिवसभर फिरवत ठेवायचं आणि मग "बसा इथे, पिशव्या सांभाळा" म्हणायचं, हे मला पटत नाही. तिकीट तिचंही आहे. अलीबाबाच्या सफरीत गाडीत बसून हळूहळू जायचं असतं, चोरांवर नेम धरायचा असतो. तिथे आईनं नातवाला हरवलं. आय फॉर इंडियात बसल्या जागी देशावरून उडत गेल्यासारखं वाटतं. पण रक्तदाब, पाठ, हृदयाचा त्रास असेल तर दारावरची सूचना वाचूनच जावं. मिस्टर इंडिया हा १९८७च्या सिनेमावरचा प्रवास आहे आणि त्यातल्या खुर्च्या चांगल्याच हलतात. सलीमगढ ही भुताची जागा. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला तिथे हट्टानं नेऊ नये, पुढच्या चार रात्री घरच्यांनाच जागाव्या लागतील.

काही गोष्टी कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं असं बऱ्याच घरांना वाटतं, म्हणून लिहिते. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा पोटभर नाश्ता खोपोलीला किंवा लोणावळ्यालाच करावा आणि जेवण बाराच्या आत नाहीतर अडीचनंतर घ्यावं. मधल्या वेळेत जेवणाच्या रांगा लांब आणि राइडच्या रांगा आखूड असतात. पट्ट्याच्या चपला किंवा बूट घालावेत. चष्म्याला दोरी लावावी. लहान मुलाच्या खिशात घरच्या दोन फोन नंबरांची चिठ्ठी ठेवावी आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ती जागा आत शिरल्या शिरल्या दाखवावी. वॉटर पार्क आणि मुख्य पार्क एकाच दिवसात उरकू नयेत. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं, पाण्यात नायलॉनचा पोशाख सक्तीचा, आणि ओल्या दमलेल्या मुलांना परत रांगेत उभं करण्यात काही आनंद नाही. पावसाळ्यात खोपोलीला पाऊस जबर पडतो, विजा असतील तर उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि घाटात दरडींचीही भीती असते. ऑक्टोबर संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर असे अष्टविनायकांतले दोन गणपती त्याच बाजूला आहेत. घरातली वडीलधारी माणसं पार्कला यायला एका शब्दात तयार होतात ती यामुळेच.

बाहेर पडतानाच्या दुकानात मुलं हटकून थांबतात. एक छोटी वस्तू घ्यायची हे आधी ठरलेलं असावं. मग वाद होत नाहीत. पण खरी भेट घरी यावी, आणि ती चार-पाच दिवसांनी, राइडची आठवण ताजी असताना.

पिंपरी-चिंचवडच्या माणसांनी अरविंद गुप्ता हे नाव मुलांना आवर्जून सांगावं. आयआयटी कानपूरमधून शिकून ते पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आपल्याच पट्ट्यातल्या कारखान्यात नोकरीला लागले. १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी सांगाडे बनवायचा अख्खा संच तयार केला. नंतर पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं मुलांबरोबर कचऱ्यातून खेळणी बनवली; २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं त्यांनी सगळ्यांसाठी फुकट खुली ठेवली आहेत, त्यांत मराठीही भरपूर आहेत. छापून, शिवून, वर मुलाचं नाव घालून दिली तर यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा मोलाची भेट मला माहीत नाही. खर्च करायचाच असेल तर झेफरचा मेकॅनिक्स संच घ्यावा. नट, बोल्ट, पट्ट्या, पाना. कंपनीत बाबा काय करतात हे मुलाला बोटांनी कळतं.

अगदी छोट्यांसाठी मार्ला फ्रेझी यांचं रोलर कोस्टर हे २००३चं चित्रपुस्तक छान आहे. ते इंग्रजी आहे, पण शब्द थोडे आणि चेहरे पुष्कळ. रांगेत उभ्या माणसांतला प्रत्येक जण वेगळा घाबरलेला आहे, आणि गोष्ट आईनं मराठीत सांगितली तरी काही बिघडत नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी, विशेषतः भोवरे, याच वयाला द्यावीत. गरगर फिरण्याची गंमत तिथूनच कळते. जरा मोठ्यांसाठी भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आहेच. आणि व्हर्न द्यायला आणखी एक कारण: जपानमध्ये टोकियो डिस्नीसी हे २००१ साली उघडलेलं पार्क आहे, त्याचा एक मोठा भाग व्हर्नच्याच कथांवर उभा आहे, आणि पृथ्वीच्या पोटात नेणारी राइड तिथे आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीत लोक आज बसून जातात हे भाच्याला सांगितलं, तेव्हा त्यानं ते पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा काढलं. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतं. त्याची वर्गणी भरली तर भेट वर्षभर येत राहते, आणि जुने अंक बालभारतीनं मोफत वाचायला ठेवले आहेत. खेडात सगळी पुस्तकं मिळतील असं नाही. पुण्याला गेल्यावर अप्पा बळवंत चौकात एक तास काढावा आणि मुलांना बरोबर न्यावं, निवड त्यांनाच करू द्यावी.

परदेशातल्या आपल्या माणसांना, ज्यांची मुलं डिस्नीच्या पार्कांत वाढतात, त्यांना काय द्यावं हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पार्कचा इतिहास आवडणाऱ्या मोठ्यांसाठी ख्रिस निकोल्स यांचं डिस्नीलँडवरचं जाडजूड चित्रमय पुस्तक उत्तम. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात संत्र्यांच्या बागा तोडून ते पार्क कसं उभं राहिलं हे फोटोंतून दिसतं. फ्लोरिडाला जाणाऱ्यांनी बॉब सेहलिंगर आणि लेन टेस्टा यांचं अनधिकृत मार्गदर्शक वाचावं. कोणती राइड किती वाजता गाठावी याची गणितं मांडून केलेली आखणी त्यात असते. पण ती मुलं सुट्टीत खेडला येतील तेव्हा त्यांना आधी भीमेकाठचा राजगुरूंचा वाडा दाखवावा, येताजाता चाकणचा संग्रामदुर्ग दाखवावा. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाएस्ताखानाच्या फौजेशी छप्पन्न दिवस झुंजवला. मग पुण्यात आंबेगावला शिवसृष्टीत न्यावं. बाबासाहेब पुरंदरे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी, ते गेल्यानंतर, खुला झाला. खरी पडकी तटबंदी आधी पाहिलेल्या मुलाला तिथला प्रकाश आणि आवाज जास्त भिडतो.

आणि जत्रा विसरू नये. आळंदीच्या कार्तिकीला, निमगावच्या खंडोबाला जो आकाशपाळणा लागतो त्याचा मोठा पूर्वज जॉर्ज फेरिस या इंजिनिअरनं १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभा केला. उंची ८० मीटर, म्हणजे नायट्रोच्या दुप्पट. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत त्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंद बोलले. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा आईच जास्त चकित झाली. तिला तो पाळणा बघायचा होता.

सध्या आमच्या घरी पुठ्ठ्याची गोल वळणाची घसरगुंडी बनते आहे. गोटी आतून पूर्ण फिरून बाहेर यायला हवी. गणितानं सोडण्याची उंची वळणाच्या त्रिज्येच्या अडीच पटीहून जास्त लागते. गोटी घरंगळते म्हणून जवळजवळ पावणेतीन पट, आणि पुठ्ठा खरखरीत म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. खऱ्या कोस्टरची वळणं अशी गोल नसतात. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी बेटावर पूर्ण गोल वळण बांधलं होतं, त्यात माणसांच्या माना दुखावल्या. पुढे १९७६ मध्ये जर्मन इंजिनिअर वेर्नर श्टेंगेल यांनी कॅलिफोर्नियातल्या कोस्टरसाठी वर निमुळतं, खाली पसरट होत जाणारं वळण आखलं आणि तेव्हापासून जगभर तोच आकार चालतो. भाच्याला तो आकार पुठ्ठ्यात जमत नाही. त्यानं आता दादाकडे जुनी पाण्याची लवचिक नळी मागितली आहे, उभी कापून वापरायला, आणि येत्या गुरुवारी दोघं बसणार आहेत.